निवांत माणसाचं बाइंडिंग

२ जानेवारी
संकल्प. फेब्रुवारीत ऑस्ट्रियाला जायचं आणि चैत्राबरोबर स्की लावून डोंगर चढायचा, उतरायचा. लेकीला बघून तीन वर्षं झाली. तिला चार दिवसांची रजा आहे, डोंगरावरची खोलीही घेतलीय. स्की तिनेच आणल्या. मी फक्त बाइंडिंग निवडायचं, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका. चढताना टाच सुटी, उतरताना बंद. म्हैसूरला देवराज मोहल्ल्यात चाळीस वर्षं कपड्यांना हुक, बटणं नि चेन लावतोय, त्यामुळे हा विषय माझाच. दोन दिवसांत निकाल.

५ जानेवारी
चौदा व्हिडिओ पाहिले. विषय पूर्ण समजला. घ्यायचं कोणतं ते समजलं नाही.

९ जानेवारी
चैत्राने फॉर्म पाठवला. तुम्ही स्की करणारे कसे: निवांत, मध्यम की आक्रमक? खाली वय, वजन. पडल्यावर बूट किती जोराला सुटावा, तो आकडा यावरून ठरतो. आक्रमक लिहिलं. आमच्या सरस्वतीबाई म्हणाल्या, सुम्ने, गुपचूप निवांत लिहा की, रिक्षावाल्याशी बोलायला मला पुढे ढकलता ते.
वजन ७८. सत्तर लिहिलं. फेब्रुवारीपर्यंत होईलच तेवढं. उद्यापासून चामुंडी बेट्टाचा डोंगर, हजार पायऱ्या.

१० जानेवारी
पायऱ्या उद्यापासून.

१४ जानेवारी
चैत्राच्या ऑफिसातला पुनीत संक्रांतीला घरी म्हैसूरला आलाय. त्याच्याबरोबर तिने माझे बूट पाठवले, पायाला सवय व्हावी म्हणून. घालून अर्धा तास काढला. उभं राहणं जमतं. बसताना सरस्वतीबाईंना हाक मारावी लागते. पायऱ्यांना सुट्टी, सण आहे.

१८ जानेवारी, दुपार
तलकाड, कावेरीकाठच्या वाळूच्या टेकड्या. वाळूही घसरते, बर्फही घसरतो, तेव्हा सराव तिथेच करावा हा विचार माझा. शेजारच्या दुकानातला नागराज बरोबर. बूट घालून टेकाड चढलो. उतरलोही, बसून. सहलीला आलेल्या बायकांनी फोटो काढले. नागराज म्हणाला, अण्णा, फॉर्मवर निवांतच लिहा. घरी येऊन खोडलं आणि निवांत लिहिलं. कुणाच्या सांगण्यावरून नाही.

२१ जानेवारी
चैत्राचा फोन. म्हणाली, अप्पा, तुम्हाला साधं, हलकं, ब्रेक असलेलं पुरे, जास्त डोकं लावू नका. मी तिला नऊ मॉडेलांची तुलना वाचून दाखवली. चौथ्याला तिला मीटिंग लागली. जाताजाता तिकिटाचं विचारलं. बाइंडिंग नक्की झाल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, हे माझं तत्त्व. व्हिसा आलाय, घाई कसली?

२५ जानेवारी
बाइंडिंग तिनेच निवडलं. मी मंजुरी दिली.

२६ जानेवारी
पुनीत आज परत निघाला, वाटेत कामं उरकत आठवड्याने पोचेल. बूट त्याच्याकडे दिले, माझं सामान तेवढंच हलकं. स्कीवर भोकं पाडायला तिकडच्या दुकानदाराला बूट पोचायच्या आधीच त्यांच्या तळाची लांबी हवी होती. बुटावर ३०५ मिलिमीटर छापलेलं आहे, पण छापील मापावर विश्वास ठेवेल तो शिंपी कसला. टेप लावली. ३०५च निघालं. नेहमीसारखं लूझिंग, म्हणजे सैलपणा, धरून ३२० कळवलं. माझ्या हातचं आजवर कुणाला आवळलेलं नाही.

३ फेब्रुवारी
दुकानदाराने बाइंडिंग बसवलं. चैत्राने फोटो पाठवला. देखणं काम. उद्या तिकीट.

५ फेब्रुवारी
बूट बसत नाही. टाच खटक्यापर्यंत पोचतच नाही, मध्ये दीड सेंटीमीटर मोकळं राहतं. हलक्या बाइंडिंगला पुढेमागे सरकायची सोय नसते म्हणे. जुन्या भोकांच्या इतक्या जवळ नवी पाडली तर स्की फुटेल, असं दुकानदार म्हणतो. मी म्हटलं, त्याची पट्टी तपासून घे. तपासली. बरोबर आहे.
तिकीट काढलेलं नाही.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
भाड्याच्या स्की सगळ्या गेल्या. चैत्रा मैत्रिणीला घेऊन जातेय. म्हणाली, नंतर मला रोज ऑफिस, तुम्ही घरात एकटे बसून काय करणार, उन्हाळ्यातच या.
माप कसं घेतलं ते विचारलं तिने. लूझिंगचं सांगितलं. म्हणाली, दहावीपर्यंत माझे सगळे युनिफॉर्म तुम्ही मोठेच शिवलेत, वाढत्या अंगाचे म्हणून. बूट वाढत नाहीत की, अप्पा.
रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती हसत होती.
सरस्वतीबाईंनी काय झालं विचारलं. बाइंडिंगचा प्रॉब्लेम, म्हटलं. त्या चहा ठेवायला गेल्या.
बर्फाशी मला काही देणंघेणं नव्हतं. पोरीला बघायचं होतं. इतक्या फोनांत तेवढं एक सांगायचं राहिलं.