दोन पिना, चार सेंटीमीटर

३ मार्च, मंगळवार. सकाळी ९.
लेकीचा फोन. आठ महिन्यांतला तिसरा. आकडा लिहून ठेवलेला आहे म्हणून माहीत, वाट बघत होतो असं अजिबात नाही.
पंधरा तारखेला, रविवारी, येऊन अंगणातली तिची गाडी घेऊन जाणार म्हणाली. तिच्या भाड्याच्या खोलीला पार्किंग मिळालं. पुढच्या महिन्यात ट्रॅकवर शर्यत आहे. गाडीला तिने स्वतःच्या पगारातून घेतलेलं कार्बन फायबरचं काळं बॉनेट आहे. पुठ्ठ्यासारखं हलकं. वेगात वारा शिरला तर असलं बॉनेट उघडून थेट काचेवर आदळतं, म्हणून पुढे दोन उभ्या पिना बसवून, त्या बॉनेटच्या भोकांतून वर काढून ते खाली धरून ठेवायचं असतं. पिना डिकीत पडून आहेत. चौदाला गॅरेजवाला येऊन बसवेल, बाबा, तुम्ही हात लावू नका, असं दोनदा म्हणाली.
दोनदा म्हणाली, याचा अर्थ उघड आहे. वडिलांना त्रास नको. पोर आईवर गेलीय, संकोची.
संकल्प: पिना मी बसवणार. पिना बघितल्या की चहाला थांबेल. चहाला थांबली की जेवायला. जेवली की तिची खोली आहेच.

४ मार्च, बुधवार.
एकतीस वर्षं तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवलं. पोरं पाठीमागे मला मिलिमीटर म्हणायची. मला ते आवडायचं, पण तसं दाखवलं नाही. इथे तर फक्त दोन भोकं पाडायची आहेत.
आधी तिची खोली आवरायला घेतली. माझे ड्रॉइंगचे रोल तिथे ठेवलेत, ते हलवायला हवेत. कुठे हलवावेत? हिच्या कपाटात. ही गेल्यापासून ते रिकामंच आहे.
रोल हलवले नाहीत. कपाटाची किल्ली सापडली नाही. नीट शोधलीही नाही.

६ मार्च, शुक्रवार.
कपाटाचं एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. ही गेल्यावर महिन्याच्या आत मी कपाट रिकामं केलं. कपडे, चष्मा, चपला, शिवणाचा डबा, सगळं एका संस्थेला दिलं. वापरात येणारी वस्तू अडवून ठेवू नये. लेकीला विचारलं नाही, कारण ती कामात होती. शनिवारी ती घरी आली, कपाट उघडलं. एक रुमालसुद्धा ठेवला नाहीत का, असं विचारलं. मी म्हणालो, यादी केलीय, दाखवू का.
दुसऱ्या दिवशी बॅग भरून गेली. यादी चोख होती.

७ मार्च, शनिवार.
बॉनेट उतरवलं. शेजारच्या नर्सबाईंनी एक बाजू धरली. धरता धरता म्हणाल्या, काका, गॅरेजवाल्यालाच करू द्या ना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, शेजाऱ्यांना आपली किंमत नसते.
बॉनेट डायनिंग टेबलावर. जेवण ओट्याशी, उभ्याने. तसाही चार खुर्च्यांत एकटा माणूस बरा दिसत नाही.

८ मार्च, रविवार. सकाळी ७.
दोन्ही पिना गाडीच्या पुढच्या पट्टीत उभ्या केल्या. उजवीकडे दिव्याचा ब्रॅकेट आड येतो, म्हणून ती पिन चार सेंटीमीटर आत घेतली. मग ट्रेसिंग पेपरवर दोन्हींच्या जागा शाईने काढल्या. देखणं काम झालंय. वर्गात भिंतीवर लावलं असतं.
इंटरनेटवर सोपी युक्ती सांगतात. पिनांच्या टोकांना काहीतरी रंग लावा, बॉनेट हलकेच टेकवा, आत ठसा उमटेल तिथे भोक पाडा. ज्यांना मोजता येत नाही त्यांच्यासाठी ठीक आहे.

१० मार्च, मंगळवार.
पाठ. काही केलं नाही. पाच दिवस आहेत.

११ मार्च, बुधवार. सकाळी १०.
ट्रेसिंग पेपर बॉनेटवर चिकटवला, वर मास्किंग टेप. तोंडाला मास्क. आधी बारीक बिट, मग मोठं. दाब द्यायचा नाही, नाहीतर कार्बनच्या चिंध्या होतात. पाऊण तास लागला. दोन गोल भोकं, एकही चीर नाही. काठांना लाखेसारखं रेझिन लावून टाकलं.
इतकं छान झालं की बघायला ये म्हणून हिला हाक मारली. तोंडाला सवय असते, त्याला काय करणार.

१२ मार्च, गुरुवार.
नर्सबाईंना बोलावून बॉनेट गाडीवर टेकवलं. पिना भोकांतून वर येत नाहीत. बॉनेट पिनांवरच अडून राहतं.
संभाव्य कारणं: बॉनेट मुळात सदोष असणार. किंवा आधीच्या मालकाने गाडी कुठेतरी ठोकली असणार. शिवाय अंगण वाकडं आहे. हे म्हणीतलं अंगण नव्हे. लेव्हल लावून बघितली, खरंच वाकडं आहे.

१३ मार्च, शुक्रवार. दुपारी ३.
शास्त्रीय पडताळणी करायची ठरवली. पिनांच्या टोकांना रंग लावून. खडू टिकेना. घरातला रंगाचा डबा दगड झालाय.
माझ्या कंपासपेटीत हिची एक लिपस्टिक आहे. यादीत नव्हती. डिव्हायडर हरवला तेव्हापासून त्याची खाच रिकामी होती, त्यात ती नेमकी बसते, म्हणून राहिली. दुसरं काही कारण नाही. वर्षातून एकदा, शाळेच्या गॅदरिंगला, ही ती लावायची आणि मला विचारायची, जास्त झाली का. मी दर वेळी थोडी जास्त म्हणायचो.
तळाशी नखाएवढी उरली होती. काडीने खरवडून दोन्ही पिनांना लावली. बॉनेट टेकवलं, उचललं.
आतून दोन लाल ठसे. दोन्ही भोकांपासून चार सेंटीमीटर, एकाच दिशेला. ट्रेसिंग पेपर उलटा चिकटवला होता. उजवं ते डावं झालं. आरपार दिसणारा कागद, उलटासुद्धा तितकाच सुरेख दिसतो. या चुकीला मी एकतीस वर्षं शून्य दिलं.
मग लक्षात आलं की लिपस्टिक संपली.

१४ मार्च, शनिवार.
गॅरेजवाला आला. भोकांत बोट घालून बघत राहिला. काका, आता नवी दोन पाडली तर चार भोकं होतील, असलं बॉनेट ट्रॅकवर चालायचं नाही, माझ्याकडे तिचं जुनं लोखंडी पडलंय, ते चढवतो, म्हणाला. माझ्यासमोरच तिला फोन लावला. मी त्या वेळी अंगण झाडत होतो.
संकल्प: उद्या सांगायचं की मालच सदोष होता. वाक्य तयार आहे. तिची खोली झाडली. चादर बदलली.

१५ मार्च, रविवार. सकाळी ११.
आली. वाळलीय. आत आल्या आल्या टेबलावरच्या काळ्या बॉनेटशी गेली आणि वाकून त्याच्या खाली बघितलं. लाल ठशावर बोट टेकवलं, बोट नाकाशी नेलं. आईची का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. उरलीय का, म्हणाली. मी नाही म्हणालो.
ती रागावेल म्हणून तीन उत्तरं तयार होती. रागावलीच नाही. खुर्चीत बसून रडली, लहानपणी रडायची तशी, आवाज न करता. मी पाठीवर हात ठेवायला हवा होता. पाणी आणून ठेवलं.
मग तिने रिकामी नळी मागितली. रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. ठसे पुसू नका म्हणाली. चहाला थांबली नाही. पुढच्या रविवारी येशील का, असं विचारलं. बघते म्हणाली. लोखंडी बॉनेट लावलेली गाडी वळणापर्यंत दिसली.

दुपारी २.
ओट्याशी जेवलो. कपाटाची किल्ली काढली, ती खिशातच होती. आत यादी ठेवलेली आहे, तिच्यात दुरुस्ती केली. शेवटी एक ओळ वाढवली.
लिपस्टिक, एक. लेकीला दिली. रिकामी.