पेपरात आलेली वेणी

पुंडलिकनगर, औरंगाबाद
२१ नोव्हेंबर १९८७

तीर्थरूप आप्पांच्या पायांवर नात भानुमतीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडं सगळे खुशाल आहेत. आत्याची सकाळची शाळा आणि मामांची चितेगावच्या कारखान्यातली पहिली पाळी, त्यामुळं आमच्या घरात पाच वाजताच भांडी वाजायला लागतात. तुम्ही पाठवलेला हुरडा मामांनी एकट्यानं संपवला आणि आळ माझ्यावर घातला.

आता खरी बातमी सांगते. चष्मा लावून बसा. जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांची चित्रकला स्पर्धा झाली, त्यात नववी-दहावीच्या गटात माझा पहिला नंबर आला! एकशे चाळीस मुलं होती. दोन तास वेळ होता आणि विषय ऐनवेळी फळ्यावर लिहिला, 'माझ्या घरातली सकाळ'. सगळ्यांनी उगवता सूर्य आणि दोन डोंगर काढले. मी नाही काढले. काय काढलं ते आत्ता सांगत नाही, तुम्ही आलात की दाखवीन. आमचे चित्रकलेचे वैजनाथ सर कधी हसत नाहीत. त्या दिवशी ते हसले, तर पोरी घाबरल्या.

चित्र आता राज्याच्या प्रदर्शनासाठी पुण्याला जायचं आहे. त्यासाठी पालकाचं संमतिपत्र लागतं. बाबा तिकडं झाशीला पलटणीत. त्यांची सही यायला महिना जाईल. म्हणून कागद तुम्हाला पाठवतेय. दहा डिसेंबरच्या आत सही करून पाठवा. चित्र काय आहे हे न विचारता केलीत तर फारच उत्तम.

तुमचा गुडघा कसा आहे? लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची लाडकी,
भानू

—

मु. चिंचखेड, ता. कन्नड
२५ नोव्हेंबर १९८७

चि. भानुमतीस आप्पाचा आशीर्वाद. तो नेहमीसारखाच हाय, पण आज त्याच्यासंगं राग बी हाय.

पत्र लिहायला कारण की, तुजं पत्र यायच्या आदीच पेपर आला. एसटीच्या थांब्यावर बन्सीच्या हाटेलात वीस माणसं चहा पीत होती. बन्सीनं पान उघडलं आणि मला हाक मारली, आप्पासाहेब, तुमचा फोटू आलाय. मला वाटलं, पोलीस पाटील म्हणून काय छापलं असंल. बघतो तर तुजं चित्र! मागल्या दारी पाटावर पोर बसलेली, तिच्या मागं फेटा घातलेला, मिश्यावाला म्हातारा, दातात लाल फीत धरलेली, आन् हातात वेणी. पेपरात फीत काळी दिसती, पण मिशी बराबर माझी काढलीस. खाली नाव बी छापलंय, भानुमती सदाशिव, मूळ गाव चिंचखेड.

भानू, मी चाळीस वर्सं पोलीस पाटील होतो. रझाकाराच्या काळातबी हे गाव माझ्या बापाच्या आवाजावर उभं होतं, नंतर माझ्या. अजून बांधाची भांडणं माझ्याच ओट्यावर मिटतात. ती का मिटतात? लोक भितात म्हणून. मागल्या दाराला कडी लावून मी काय करत होतो, हे तुला आन् मला सोडून कुणाला ठावं होतं का? आता नानासाहेब, माझा लहानपणचा दोस्त, भर पारावर विचारतो की पोळ्याला आमच्या बैलाच्या शेपटीची वेणी घालून देता का. पोरं मला बघून फिदीफिदी हसत्यात.

तवा माझा हुकूम ऐक. सही मिळायची नाय. कोरा कागद परत धाडतोय. चित्र माघारी घे आन् पेटीत ठेव. नायतर नाताळाच्या सुट्टीत गावी आलीस की परत शहरात धाडायचो नाय. गावात बी सातवीच्या पुढं पोरी शिकत्यात, कन्नडच्या शाळंत जाऊन येऊन.

गुडघा बरा हाय. तुज्या आत्याला, अनसूयेला, जप म्हणावं. राग उतरला तर लोभ हायेच.

आप्पा

—

पुंडलिकनगर, औरंगाबाद
२९ नोव्हेंबर १९८७

तीर्थरूप आप्पांस नमस्कार. आज साष्टांग घालायचं धाडस नाही, म्हणून लांबूनच. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा बैलाच्या शेपटीशी आले तिथं हसू आलं, म्हणून तिसऱ्यांदा नीट रडता आलं नाही. मी वैजनाथ सरांकडं गेले आणि चित्र परत मागितलं. सर म्हणाले, इथल्या शाळेच्या हॉलमधलं स्पर्धेचं प्रदर्शन पाच तारखेपर्यंत आहे, तोवर चित्र भिंतीवरून निघायचं नाही. त्यानंतर तुझ्या आजोबांचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणजे पाच तारखेनंतर ते माझ्या पेटीत असेल. मी तुमचा हुकूम मोडलेला नाही.

पण आप्पा, आता एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. जूनमध्ये इथं आले त्याच आठवड्यात मी केस कापले. खांद्याच्याही वर. आत्याला पहाटे शाळा गाठायची असते, मला दोन वेण्या घालायला कुणी नव्हतं. स्वतः घातल्या तर एक कानामागं यायची आणि एक मानेवर. वर्गातल्या पोरी हसायच्या. आत्यानंच कात्री लावली. तुम्हाला कळवायचं धैर्य झालं नाही, म्हणून दिवाळीला ओढणी डोक्यावरून काढलीच नाही आणि सर्दी झाली म्हणून सांगितलं.

फळ्यावर सकाळ हा विषय आला, तेव्हा मला दुसरी सकाळ आठवेचना. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. बाबा रजा संपवून पलटणीत गेले. शेजारच्या द्वारकाबाई आठ दिवस केस विंचरायला आल्या आणि मग त्यांना वेळ मिळेना. नवव्या दिवशी तुम्ही कडी लावलीत. चाबकाचा गोफ विणता येतो तर हे का येऊ नये, असं म्हणालात. पहिली वेणी इतकी आवळलीत की दिवसभर माझे डोळे मिटत नव्हते.

तुमची चेष्टा व्हावी म्हणून मी ते काढलं नाही. आठ वर्षं रोज सकाळी कुणीतरी माझ्यापाठी बसलेलं होतं, ते मला काढायचं होतं. पाठीमागचं माणूस मला कधी दिसलंच नव्हतं ना. म्हणून मिशीला जास्त वेळ लागला.

रागवा, पण पत्र पाठवत राहा.

भानू

—

पुंडलिकनगर, औरंगाबाद
७ डिसेंबर १९८७

चि. सदाशिवास थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत आणि झाशीची थंडी कशी आहे ते कळव.

तुझ्या लेकीचं चित्र आणि आप्पांचा राग, दोन्ही तुला भानूच्या पत्रातून कळले असतीलच. पुढचं मी सांगते, कारण भानू सांगताना मधेच हसते नाहीतर रडते.

शनिवारी, प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, आप्पा न कळवता आले. काळा कोट, फेटा, उपरण्याचं टोक तोंडावर घेतलेलं. मला वाटलं, चित्र उचलून न्यायलाच आले. भानूच्या केसांकडं त्यांनी पाहिलंच नाही. माझ्याकडं मात्र असं पाहिलं की मी चहात साखर दोनदा घातली.

शाळेच्या हॉलमध्ये गर्दी होती. आप्पा चित्रासमोर जाऊन उभे राहिले ते हलेचनात. शेजारी दोन बाया होत्या, चांगल्या घरच्या, शिकलेल्या. एक दुसरीला म्हणाली की चित्र गोड आहे पण मनचं आहे, असला मिशीवाला माणूस कधी वेणी घालतो का, परीक्षकांना भुलवायला पोरीनं रचलेलं दिसतंय. भानू माझ्याशेजारीच होती. तिनं मान खाली घातली.

सदाशिव, आप्पांनी उपरणं तोंडावरून काढलं. त्या बाईला नमस्कार करून म्हणाले, बाई, आमची नात खोटं बोलत नाय, ह्यो म्हातारा मीच हाय. बाई ओशाळली, पण तिच्या चेहऱ्यावर विश्वास काही दिसेना. तिच्याबरोबर सातेक वर्षांची मुलगी होती, केस सुटलेले, फीत हातात. आप्पांनी आधी आईला विचारलं, मग त्या पोरीला विचारलं, आणि खाली सतरंजीवर मांडी घालून बसले. तो दुखरा गुडघा घेऊन! कुणीतरी पर्समधून फणी दिली. भांग पाडला, फीत दातात धरली, आणि बघता बघता दोन वेण्या, एकाला एक जुळ्या. अख्खा हॉल गोल करून उभा. पोरीनं मान हलवून पाहिली आणि आईला सांगितलं की तू घालतेस तसं दुखत नाही. मग टाळ्या पडल्या. आप्पांना उठवायला मात्र वैजनाथ सर आणि शिपाई दोघं लागले.

उठल्यावर त्यांनी सरांकडं पेन मागितलं आणि संमतिपत्र मागितलं. आमच्याजवळचा कोरा कागद भानूच्या दप्तरातच होता. सही मोडी लिपीत केली, मग सर म्हणाले म्हणून खाली बाळबोधीत पुन्हा केली.

रात्री राहा म्हटलं तर राहिले नाहीत. एसटी स्टँडवर गाडी लागेपर्यंत भानूजवळ बाकावर बसले होते. मग हळूच तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, अनसूये, कात्री तरी सरळ धरायचीस.

तुझी रजा कधी मंजूर होते ते लिही. तुझे दाजी आठवण काढतात. माया असू दे.

तुझी अक्का,
अनसूया

—

मु. चिंचखेड, ता. कन्नड
१८ जानेवारी १९८८

चि. भानुमतीस आप्पाचे आशीर्वाद, ह्या खेपंला रागाबिगर.

पुण्याला नंबर आला नाय हे तुज्या पत्रात वाचलं. मला वाईट वाटलं, तुला कमी वाटलेलं दिसतंय, ते बरं हाय. पुण्याचे लोक तुजं चित्र महिनाभर बघत होते, ते काय थोडं झालं? दहावीनंतर चित्रकलेच्या कालेजात जायचं म्हणतीस, तर सदाशिव रजेवर आला की तिघं बसून बोलू. माझं मत मी त्याला आदीच लिवलंय. काय लिवलंय ते तुला सांगत नाय. तूबी मला कुठं सांगितलं हुतंस?

केस वाढव असं म्हणत नाय. डोकं तुजं हाय.

आता गावची खबर. लोक मला आता भीत नायत, हे खरं हाय. पर भांडणं घेऊन येतातच. काल फकिरा आन् त्याचा चुलतभाऊ बांधावरच्या बाभळीवरून कुऱ्हाडी घेऊन ओट्यावर आले. मी मिशीवर हात फिरवला, जरा आवाज चढवायला. तेवढ्यात फकिराला तुजं चित्र आठवलं आन् तो फसकन हसला. मग त्याचा भाऊ हसला. मी लई डोळे वटारले, पर मलाबी आवरंना. हसून झाल्यावर दोघांनी बाभूळ निम्मी निम्मी वाटून घेतली आन् चहा पिऊन गेले. हसत्या माणसाला भांडता येत नाय, हे चाळीस वर्सांत मला कुणीच सांगितलं नव्हतं.

अभ्यास कर. लोभ हायेच, तो मागायला लागत नाय.

तुजा,
आप्पा