बायको नसल्याची तालीम

३ मार्च, सोमवार

आजपासून मी स्टोइक.

ऑफिसने जुन्या ग्रीक स्टोइक विचारवंतांवरच्या अर्ध्या दिवसाच्या शिबिराला पाठवलं. अख्ख्या तक्रार विभागातून माझ्या एकट्याची निवड झाली. गेल्या आठवड्यात मी टेबलावर आपटून फोन फोडला, त्याचा या निवडीशी संबंध आहे असं घोरपड म्हणते. (शेजारच्या टेबलावरची बाई. एकदा खुर्चीला चिकटली की सुटत नाही.) मी दुर्लक्ष केलं. स्टोइक माणूस दुर्लक्षच करतो. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे बघून बघून दुर्लक्ष करत होतो.

मुख्य मुद्दा असा. जगात दोनच प्रकारच्या गोष्टी. आपल्या हातातल्या आणि हाताबाहेरच्या. हातातल्या नीट करायच्या, हाताबाहेरच्या मनाला लावून घ्यायच्या नाहीत. इतकं सोपं, आणि सत्तेचाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही! बायको म्हणाली, लग्न झाल्यापासून मी दुसरं काय सांगतेय. पण तिने कधी 'स्टोइक' हा शब्द वापरला नव्हता.

संकल्प: चिडायचं नाही, घाबरायचं नाही, हुरळून जायचं नाही.

जमतंय! अगदी सहज जमतंय!

४ मार्च, मंगळवार

आमची कंपनी लिफ्ट बसवते. लिफ्ट बंद पडली की माणसं मला फोन करतात. आजवर मी, मेकॅनिक निघालाय, एवढंच सांगत आलो. आज पहिल्यांदा खरी मदत केली.

एक गृहस्थ दोन मजल्यांच्या मध्ये अडकले होते. मी सांगितलं, लिफ्ट तुमच्या हातात नाही, पण अडकण्याकडे कसं बघायचं ते तुमच्या हातात आहे. पलीकडून दार बडवल्याचा आवाज आला. विचार करत असावेत. मग मी समजावलं, की मोकळ्या मैदानात फिरणारी कितीतरी माणसं आतून कैदीच असतात. त्यांनी विचारलं, मेकॅनिक कुठाय. मी म्हटलं, तेही तुमच्या हातात नाही.

फार सुंदर बोलणं झालं. फोन ठेवून चहा घेतला. अर्धा कप झाल्यावर आठवलं, मेकॅनिकला कळवायचं राहिलं.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी शेवटपर्यंत शांत होतो. साहेबांना अजून बराच पल्ला गाठायचाय.

६ मार्च, गुरुवार

बायकोला नोकरी आलीये. म्हणजे नोकरी तिला आहेच, ती फिजिओथेरपिस्ट आहे. आता दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने विभागप्रमुख म्हणून विचारलंय. दोन वर्षं तिकडेच राहायचं. गाडीने अख्खा दिवस जातो.

ओटा पुसता पुसता सांगितलं. वर विचारलं, तुला काय वाटतं.

पोटात गोळा आला. दुरुस्ती: पोटात गोळा आलाय असं माझं मत झालं. शिबिरात सांगितलंय, दुःख हे फक्त आपलं मत असतं.

मी म्हटलं, हे माझ्या हाताबाहेरचं आहे, तेव्हा मला काहीच वाटत नाही. ती म्हणाली, खरंच काही नाही? मी म्हटलं, खरंच. आवाजसुद्धा हलला नाही. स्वतःचा अभिमान वाटला. (अभिमान वाटून घ्यायचा नसतो. उद्यापासून.) ती बराच वेळ ओट्यावरची एकच जागा पुसत राहिली. तेवढाच भाग आता चकाकतोय.

कन्येच्या कानात हेडफोन होते. कॉलेजात गेल्यापासून तिला आमचं काही ऐकू येत नाही. हे मात्र आलं. हेडफोन काढून म्हणाली, बाबा, तू येडा आहेस का?

दुसऱ्यांची मतं: हाताबाहेर.

९ मार्च, रविवार

आज वाईटाची तालीम सुरू केली. पद्धत अशी: आवडती वस्तू हरवली अशी रोज कल्पना करायची. म्हणजे खरंच हरवली तर धक्का बसत नाही.

छत्रीपासून सुरुवात केली. डोळे मिटले. छत्री गेली. काही वाटलं नाही. डोळे उघडून कोपऱ्यात पाहिलं तर छत्री खरंच नव्हती! सगळी कपाटं उपसली. कन्येला फैलावर घेतलं. शुक्रवारी बसमध्ये राहिली असणार म्हणून डेपोत फोन केला. तिथल्या माणसाला वाटेल तसं बोललो. पण ही छत्री तालमीबाहेर हरवली होती, त्यामुळे धरायची नाही.

मग मोठी तालीम. बायको नाहीये अशी कल्पना केली. हे घर, आणि त्यात ती नाही. तिचा चष्मा टीव्हीवर नाही. बाथरूममध्ये मोठमोठ्याने चुकीचं गाणं नाही. डोळ्यांना पाणी आलं. कांद्यामुळे. घरात आज कांदा चिरला नव्हता, पण शेजारी चिरला असेल.

निष्कर्ष: नुसत्या कल्पनेने भागणार नाही. प्रत्यक्ष सराव हवा.

११ मार्च, मंगळवार

बायकोला सांगितलं, की आजपासून आठवडाभर तू घरात नाहीयेस. ती म्हणाली, मग मी बसू कुठे. मी म्हटलं, कुठेही बस, मला दिसणार नाहीस. तिने आधी माझ्याकडे आणि मग कन्येकडे पाहिलं. कन्येने हेडफोन लावले.

सकाळी स्वतः अंडं केलं. निम्मं तव्यावरच राहिलं. जे ताटात आलं त्यावर समाधान मानलं.

साखर सापडेना. बायको नसल्यामुळे तिला विचारायची सोय नव्हती. मी कुणालाही उद्देशून नव्हे, असंच स्वयंपाकघरात म्हटलं, की साखर कुठे असते कोण जाणे. हॉलमधून उत्तर आलं, दुसरा खण, निळा डबा. मनाची तयारी असली की गोष्टी आपोआप सापडतात.

शर्टाला इस्त्री केली. फक्त पुढून, कारण ऑफिसात मी पाठ टेकून बसतो. निघताना मागून कुणीतरी म्हणालं, इस्त्री चालू राहिलीये. नियमाप्रमाणे मी ऐकलं नाही. जळका वास आला. मग बटण बंद झाल्याचा आवाज आला. नोंद: इस्त्री बंद झाली.

झोप आजपासून हॉलमध्ये, सतरंजीवर. शरीराला कष्टांची सवय हवी.

१२ मार्च, बुधवार

मान डावीकडे वळत नाही. उजवीकडे उत्तम वळते. घरात मान बघणारी तज्ज्ञ बाई आहे, पण ती या आठवड्यात नाही.

दुपारी साहेबांनी फोनच्या कामावरून काढून मला सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. खिडकी नाही, माणूस नाही, फोन नाही. नुसती बटणं आणि तारांची भेंडोळी. चिंतनाला इतकी उत्तम जागा अख्ख्या कंपनीत दुसरी नाही. साहेबांनी माझ्यातला बदल ओळखला म्हणायचा. घोरपड निरोप द्यायला खुर्चीतून उठली. कधी नव्हे ते उठली.

१४ मार्च, शुक्रवार

दाढ दुखतेय. तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरकडे गेलो. सांगितलं, की भुलीचं इंजेक्शन नको, वेदना हे फक्त मत आहे. डॉक्टर म्हणाला, विचार करून सांगा. मी म्हटलं, विचार करूनच सांगतोय.

डॉक्टरच्या बोटाला दोन टाके पडले.

त्यानंतर त्याने विचारलंच नाही, सरळ इंजेक्शन दिलं. त्याची इच्छा माझ्या हाताबाहेर होती, म्हणून मी स्वीकारली. फार बरं वाटलं.

घरी आलो तेव्हा अर्धं तोंड बधिर होतं. बायकोने सूप करून पुढ्यात ठेवलं आणि समोर बसून राहिली. तिला बघायचं नव्हतं, म्हणून सूपकडे बघत प्यालो. तिच्या हातांना नेहमीच्या मलमाचा वास येत होता. हा वास तालमीत धरला नव्हता. धरायला हवा होता.

१६ मार्च, रविवार

तालमीचा सहावा दिवस. संपूर्ण यश! स्वतः कपडे धुतले. (सगळे फिकट गुलाबी झालेत, पण निदान सगळे सारखे झालेत.) स्वतः भात केला. गॅस कुणीतरी बारीक केला, तो कोणी केला ते मी बघितलं नाही.

संध्याकाळी बायको म्हणाली, छान जमतंय की रे तुला. मला वाटलं होतं तुला अजिबात जमणार नाही. आवाज जरा निराळा होता. मी म्हटलं, हे तर काहीच नाही, अशी दहा वर्षं काढीन. ती म्हणाली, हो ना. मग गॅलरीत जाऊन तिने फोन लावला. दार ओढून घेतलं.

कुणाशी बोलतेय ते मी विचारलं नाही. कन्येला विचारलं. आधी ती सांगेना. मग सांगितलं.

आईने त्या हॉस्पिटलला दुसऱ्याच दिवशी नाही म्हणून कळवलं होतं. जायचंच नव्हतं तिला. तुला नुसतं विचारलं होतं. तू काय म्हणतोस ते तिला ऐकायचं होतं. तू काहीच म्हणाला नाहीस. त्यावर आठवडाभर तिला घरात धरलं नाहीस. आता ती त्यांना विचारतेय, की जागा अजून रिकामी आहे का.

मी शांतपणे खाली बसलो. खाली खुर्ची नव्हती.

जागा रिकामी होती.

१७ मार्च, सोमवार

बोलायचं ठरवलंय. जाऊ नकोस. दोन शब्द. जीभ माझ्या हातातली गोष्ट आहे. म्हणजे, स्टोइक दृष्टीनेही हे नियमात बसतं.

सकाळी तिने स्वतःहून विचारलं, की काही म्हणायचंय का. मी तोंड उघडलं. मीठ दे, म्हटलं. मीठ माझ्याच पुढ्यात होतं. तिने ते उचलून आणखी थोडं माझ्याकडे सरकवलं.

कारण: अजून दाढ पूर्ण बरी नाही. उद्या नक्की.

२० मार्च, गुरुवार

मंगळवारी बोलणार होतो, पण तिची मैत्रीण आली होती. काल बोलणार होतो, पण ती दमलेली होती. आज बोलायला गेलो तर ती बॅग भरत होती. दोन स्वेटर उचलून धरले आणि विचारलं, कुठला नेऊ. मी म्हटलं, स्वेटर ही गौण गोष्ट आहे. तिने दोन्ही भरले.

कन्या आता माझ्याशी बोलत नाही. कानात हेडफोन नसतानाही बोलत नाही, हे जास्त लागतं.

तालीम संपली तरी मी सतरंजीवरच झोपतोय. आत जायचं तर काहीतरी बोलत जावं लागेल.

२३ मार्च, रविवार

स्टेशनवर गेलो. निरोपाची पूर्ण आखणी केली होती. रडारड नाही, उपदेश नाही, ताठ उभं राहायचं. पण हातांचं काय करायचं ते आखलं नव्हतं. ऐनवेळी मी उजवा हात पुढे केला आणि बायकोशी हस्तांदोलन केलं. बावीस वर्षं संसार केलेल्या बाईशी! वर म्हणालो, शुभेच्छा.

तिला हसू आलं. मग तिने माझ्या मानेवर हात ठेवला, नेमका दुखरा भाग दाबला आणि मान डावीकडे वळवली. कडकन आवाज झाला. मान मोकळी झाली. म्हणाली, सतरंजीवर झोपू नकोस, गादीवर झोप.

गाडी गेल्यावर मी एका बाकावर बसलो. पाणी विकणाऱ्याने विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, मला काहीच वाटत नाही. त्याने बाटली फुकट दिली.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी तिचा फोन आला. विचारलं, झोप लागली का. मी, मजेत, असं म्हणायला तोंड उघडलं. जाऊ नकोस, असं म्हणालो.

ती म्हणाली, अरे, मी आलेय इथे.

मी म्हटलं, माहितीये. म्हटलं, घर खायला उठतं. गादीवर झोपवत नाही. मला त्या दिवशी सगळं वाटलं होतं, ओट्यापाशी, तू विचारलंस तेव्हाच वाटलं होतं. काहीच वाटत नाही असं मी नुसतं म्हटलं होतं. नाकातून पाणी यायला लागलं, तरी मी बोलत राहिलो.

ती म्हणाली, हे तेव्हा बोलला असतास तर मी बॅगसुद्धा काढली नसती. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात तिकडे कुणीतरी तिला मॅडम म्हणून हाक मारली. ती त्यांच्याशी बोलली. आवाज एकदम मोकळा होता, हसरा. पेशंटला पाच पावलं चालवलंत का, शाब्बास, मी आलेच, असं काहीतरी. तिला तिथे आवडलंय. दोनच दिवसांत आवडलंय. माझ्याशी बोलताना तिने तो आवाज लपवला, पण मला कळला.

म्हणाली, नंतर बोलू, वेळ झाली.

अकराला मीच गोदामातून मोबाइलवरून फोन केला. उचलला नाही. पेशंट असेल.

बाराला केला. पेशंटच असेल.