पायावरची गार पिशवी

प्रिय आईस,
लांबूनच पाया पडतो.

मी मजेत आहे. वेळेवर जेवतो, विचारू नकोस.

दिवसभर काय मोजतोस, असं विचारलं होतंस ना? आमची कंपनी मुरगळलेल्या पायावर ठेवायची गार पिशवी बनवते. पिशवी दाबली की आतला क्षार पाण्यात विरघळतो. क्षाराचे कण एकमेकांपासून सोडवायला ऊर्जा जास्त लागते. पाणी त्यांना बिलगतं तेव्हा कमी परत मिळते. ती तूट पाणी स्वतःची ऊब देऊन भरतं आणि गार पडतं. तूट किती, ते मी मोजतो.

ताईकडून कळलं, तुझा पाय मुरगळलाय. माझ्यापासून लपवलंस होय गं? सूज उतरली का?

काल पिशवी माझ्याच घोट्यावर ठेवून पाहिली. हिशोब तंतोतंत जुळला. पाय तेवढा चुकीचा होता, आई.

तुझं शेंडेफळ