दोन एचओ आणि पुलाखालची जीप

डहाणू, रविवार

चि. परेशराव यांस सासरे सुदर्शन यांचे मनापासून आशीर्वाद.

तुमची पाठ आता कशी आहे? खुर्ची बदलल्यापासून बरी आहे असं मुक्ता म्हणाली, पण ती लहानपणापासून सगळं बरंच आहे असं सांगत आलीय, म्हणून थेट तुम्हालाच विचारतो. इकडे सौ. प्रभा ठीक, माझा गुडघा ठीक, चिकू यंदा लहान. (चिकूचा आकार मी मुद्दाम काढलेला नाही. हल्ली मला प्रत्येक वस्तू लहान आहे की मोठी, एवढंच दिसतं.) पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडतोय, कारण फोनवर मुक्ता स्पीकर लावते आणि ही हकिगत स्पीकरवर सांगण्यासारखी नाही.

दिवाळीत तुम्ही आगगाडीचा सेट मला दिलात, खाचेतून पळणाऱ्या मोटारींचा सेट तलासरीला तुमच्या बाबांना दिलात आणि म्हणालात, "दोन्ही एचओच आहेत, श्रुतिका मे महिन्यात आजोळी येईपर्यंत जोडून ठेवा." विचार उत्तम होता. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढली, प्रल्हादरावांनी तेवढीच एसटी चालवली. रूळ माझे, रस्ता त्यांचा. मात्र आम्हा रेल्वेवाल्यांच्या लेखी एचओ म्हणजे हेड ऑफिस, त्यामुळे जावयाने हेड ऑफिसात ओळख काढून सेट मिळवला असं मी आठवडाभर शेजारी सांगत होतो. (ते आता कृपया तसंच राहू द्या.)

हॉलमधल्या दिवाणावर प्लायवूड टाकून मी रूळ मांडले, स्टेशन उभं केलं, फलाटावर सात माणसं चिकटवली आणि चिकूच्या खोक्याच्या फळ्यांचा पूल केला. पुलावरून माझी गाडी, खालून त्यांचा रस्ता. महिन्यापूर्वी तुमचे बाबा आणि तुमच्या आई चंद्रिकाताई आपला रस्ता पिशवीत घालून एसटीने आले. प्रल्हादरावांनी रस्ता जोडला आणि लाल जीप स्टेशनासमोर उभी केली. माझ्या स्टेशनमास्तरला त्या जीपच्या खिडकीत नीट डोकावताही येईना! पण व्याह्यांना आल्याआल्या कसं बोलायचं? मी म्हटलं, "जीप भारदस्त आहे." ते म्हणाले, "स्टेशन आटोपशीर आहे." आणि त्यांनी बटण दाबलं.

जीप सुटली, वळण घेतलं आणि पुलाखाली शिरता शिरता टपासकट अडकली. पूल कलला. त्याच वेळी वरून इंजिन येत होतं. ते दोन डब्यांसह जीपवर पडलं, फलाटावरची चार माणसं आडवी झाली. मी म्हटलं, "तुमची जीप मोठी आहे." ते म्हणाले, "तुमची गाडी लहान आहे." आता विचार केला तर दोघंही एकच बोलत होतो, पण तेव्हा ते लक्षात आलं नाही. "चौतीस वर्षांत माझ्या गाडीचा आरसासुद्धा फुटला नाही," असं म्हणून ते उठले आणि प्रभाने भरलेलं पापलेट तव्यावर असताना, न जेवता, चंद्रिकाताईंना घेऊन निघून गेले. व्याही न जेवता गेले, परेशराव! प्रभाने ते पापलेट मला दोन दिवस वाढलं आणि दोन्ही दिवस माझ्याशी बोलली नाही.

चूक कोणाची ते तरी कळावं म्हणून मी बाजारात नविनशेठच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. विचारलं, "नविनशेठ, तुम्हाला स्केलचं काही कळतं का?" ते म्हणाले, "काका, सहा इंचवाली देऊ की बारा?" दोन्ही पट्ट्या घेऊन घरी आलो. मग खोकी वाचली. माझ्या खोक्यावर एचओ, एकास सत्त्याऐंशी. त्यांच्या खोक्याचा फोटो चंद्रिकाताईंनी प्रभाला गुपचूप पाठवला (या दोघींचं बोलणं एक दिवसही थांबलं नव्हतं). त्यावरही एचओ, पण एकास चौसष्ट. म्हणजे माझी गाडी मोठी निघाली! मी आनंदाने ओरडलो. प्रभा स्वयंपाकघरातून म्हणाली, "एका ताटात वड्या पाडल्या, चौसष्ट आणि सत्त्याऐंशी, तर बारीक कुठली होईल?" मी बसलोच. पुढे कुठेतरी वाचलं, की एचओ हे खेळण्यांच्या मापाचं नाव, पण असल्या मोटारींत यंत्र मावेना म्हणून मोटारी फुगवल्या आणि नाव मात्र तेच ठेवलं. नाव एक, मापं दोन. मी तीनदा वाचलं, तरी मला यातून कोणाला दोष द्यावा हे समजलं नाही.

अकराव्या दिवशी फाटकाशी रिक्षा थांबली. प्रल्हादराव आत आले, चप्पल काढायच्या आधीच हात जोडले आणि म्हणाले, "सुदर्शनराव, चूक माझी. समोर पूल दिसत असताना गाडी घालायला नको होती. ड्रायव्हर माणूस मी, मला उंचीचा अंदाज यायला हवा होता." मी म्हटलं, "असू द्या हो, होतं असं."

मग चंद्रिकाताईंनी मार्ग काढला. म्हणाल्या, "चिंचणीला किनाऱ्यावर उभं राहिलं की जवळची होडी केवढी दिसते आणि लांबची केवढीशी? तुमच्या मोटारी पुढे घ्या, गाडी मागे न्या." तसंच केलं. रस्ता पुढच्या काठाने नेला (तुमचे बाबा त्याला बायपास म्हणतात), स्टेशन भिंतीशी सरकवलं. आता खुर्चीत बसून पाहिलं तर सगळं खरं वाटतं. उभं राहिलं की पुन्हा गोंधळ होतो. म्हणून आम्ही उभं राहत नाही. प्रल्हादराव दर गुरुवारी येतात आणि जेवून जातात. श्रुतिकाला लवकर घेऊन या. मुक्ताला आशीर्वाद.

तुमचा,
सुदर्शन

ता. क. : एक सांगायचं राहिलं. गाडी पुलाचा चढ चढेना, चाकं जागच्या जागी फिरत, म्हणून तुमचे बाबा यायच्या आदल्या दिवशी मी पुलाचे पाय बोटभर कापले होते. आधीच्या उंचीला जीप आरामात गेली असती. मी पट्टीने मोजून पाहिलंय.

ता. क. २ : ते अजून दर गुरुवारी जेवताना एकदा तरी माफी मागतात. माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मला सांगवत नाही, तेव्हा तुम्हीच त्यांना फोन करून हे सांगा. पत्र खरं तर त्यासाठीच आहे.

ता. क. ३ : मात्र तुम्हाला हे कोणी सांगितलं असं त्यांनी विचारलं, तर माझं नाव घेऊ नका.