बॅरलमधला जांभळा गोळा

रविवार, संध्याकाळ

धाकट्या बहिणीनं, मेघानं, पुण्याहून वाढदिवसाला काय पाठवावं? लाडवाएवढा जांभळा गोळा. म्हणे टबात सोडायचा, पाणी रंगतं, लव्हेंडरचा वास सुटतो, त्यात पडून राहिलं की मन शांत होतं. टब! इथं सोलापुरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, आणि ही मला पाण्यात लोळायला सांगते. तोंड वाकडं करून तो गोळा मी मोरीच्या कट्ट्यावर ठेवला.

ठेवायलाच नको होता. सासूबाईंचा जन्म गेला जेऊरला, पाण्यात तुरटी फिरवण्यात. त्यांनी तो सरळ भरल्या बॅरलमध्ये सोडला. "पाणी निवळायचं औषध हाय की गं. कसं फसफसलं बघ, गुणाचं असणार."

अख्खं बॅरल जांभळं! नशीब, प्यायचं पाणी हंड्यात होतं.

मेघाला फोन केला. आधी पोट धरून हसली, मग म्हणते, "अगं ताई, आंघोळ झाली की सोडून द्यायचं ते पाणी."

सोडून द्यायचं! गुरुवारपर्यंतचं पाणी आहे ते, बाई.

मग काय, आज धुणं जांभळ्या पाण्यात, फरशी जांभळ्या पाण्यानं. ह्यांच्या बनियनला लव्हेंडरचा वास. कसली डोंबलाची शांतता! रिकामटेकड्यांची थेरं नुसती.

शेवटी मीही त्याच पाण्यानं आंघोळ केली. डोळे मिटून, रोजच्यापेक्षा दोन तांबे जास्तच घेतले. बरं वाटलं. लई बरं वाटलं.

त्याचाच सगळ्यात जास्त राग येतोय.