तिसरी चिठ्ठी

प्रिय चिमणे,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकली असशील. पाकीट फोडायच्या आधी दोनदा उलटंसुलटं केलं असशील, तुझी सवयच ती. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझ्या लेकीचा अर्ज आलाय, आपल्या वसाहतीत घर मिळावं म्हणून. सोमवारी आला, तेव्हापासून माझ्या टेबलावर आहे. हो, माझ्याच. गेल्या वर्षापासून समितीची चिटणीस मी आहे. घर कोणाला द्यायचं ते पाच जणांनी ठरवायचं असा नियम आहे खरा, पण उरलेले चौघे मी बोट ठेवीन तिथे सही करतात. त्यांना घरी जाऊन चहा प्यायची घाई असते. तेव्हा तुझ्या पोरीचं घर माझ्या हातात आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

'कुटुंबातील माणसं' या रकान्यात तिने लिहिलंय, दोन, तिसरं चार महिन्यांनी येणार. सध्या एका खोलीत राहतात, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, आणि मालक दर वर्षी नवीन भाडं सांगतो. 'वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत याच वसाहतीत वाढले' हे तिने अधोरेखित केलंय. आणि वसाहतीतली ओळखीची व्यक्ती म्हणून कोणाचं नाव दिलंय माहीत आहे? माझं. नात्याच्या रकान्यात 'मावशी'. म्हणजे तू तिला काही सांगितलेलं नाहीस. मला वाटलंच होतं.

तिला इथे का यायचंय ते कळतं गं. बाहेर आता आपल्यासारख्यांनी राहावं कुठे? इथलं भाडं अजून पगारात बसतं, म्हणून कोणी हलत नाही. समोरच्या इमारतीतल्या नर्सबाई निवृत्त झाल्या, तरी त्यांच्या दारावर अजून रात्रपाळीची पाटी आहे, 'दुपारी बेल वाजवू नये'. कोपऱ्यावरचा सुतार आता खुर्च्या दुरुस्त करत नाही, खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या खुर्च्यांना नावं ठेवतो. झाडं तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली. दुधाच्या गाडीचा हॉर्न तोच, जिन्यातला मधला दिवा तसाच बंद. कोणाकडे कोण आलं, कोण किती वेळ बसलं, जाताना हातात पिशवी होती की नव्हती, सगळं सगळ्यांना माहीत. पोरांना शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला तर चार खिडक्यांतून विचारणा होते. पोर वाढवायला याहून चांगली जागा नाही, हे मी मनापासून सांगते. तुझीही इथेच वाढली की. अर्धी तर माझ्याच स्वयंपाकघरात वाढली.

पण एवढं सुख फुकट मिळत नसतं. चाळीस घरं एकमेकांना चिकटून आयुष्यभर राहायची म्हणजे कुठेतरी वाफ जायला जागा हवी. ती जागा म्हणजे सूचनाफलकाखालची लाल पेटी. तोंडावर भांडलात तर वर्षानुवर्षं जिन्यात तोंडं फिरवावी लागतात, त्यापेक्षा चिठ्ठी टाका, सही नको. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी आपापल्या घरून खुर्ची आणायची, समितीतल्या मास्तरांनी पेटी उघडून चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या, आणि कोणी लिहिलं हे कोणी म्हणजे कोणी विचारायचं नाही. एकाच गोष्टीची तक्रार दोनदा आली तर समज, तिसऱ्यांदा आली तर वर्षाअखेर करार संपला, आणि चिठ्ठी खोटी निघाली तर लिहिणाऱ्याचा. तू नवीन होतीस तेव्हा म्हणाली होतीस, किती सभ्य लोक आहेत, इथे कोणी आवाज चढवत नाही. मी हसले होते. आवाज कशाला चढवायचा, मास्तरांचा आवाज चांगला खणखणीत आहे.

तुझ्याबद्दलच्या तिन्ही चिठ्ठ्या मी लिहिल्या, चिमणे. डाव्या हाताने. हे तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, पण एकदा कागदावर यायला हवं होतं.

आवाज येत नव्हता. तुझं शिवणयंत्र दुपारी तासभर चालायचं, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, तू तळाला. कान लावला असता तरी ऐकू आलं नसतं. मला तुझं घर हवं होतं. यांचे गुडघे कामातून गेले होते. दोन वर्षं हे खाली उतरले नव्हते, खिडकीत बसून लोकांच्या डोक्यांवरून माणसं ओळखायचे. टक्कल दिसलं की म्हणायचे, मास्तर आले. तळमजल्यावर रिकामं होणारं घर जुन्या भाडेकरूला आधी मिळतं, आणि यादीत सगळ्यात वर आमचं नाव होतं. पण तळमजल्यावर कोणी मरतही नव्हतं आणि जातही नव्हतं. तुला मागितलं असतं तर तू दिलं नसतंस, आणि तुझंही खरंच होतं. भावोजींना दमा. दोघींचे नवरे आजारी आणि तळमजला एकच. मग मी माझा नवरा निवडला. तू काय वेगळं केलं असतंस?

पहिली चिठ्ठी वाचली गेली तेव्हा तू माझ्याकडेच रडत आलीस. मी तुला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि माझी जुनी जाड रजई काढून दिली. म्हटलं, चार घड्या कर आणि यंत्राच्या पायांखाली घाल, मग बघू कोण बोलतंय. कोणाला सांगू नकोस म्हटलं, नाहीतर आवाज होता हे कबूल केल्यासारखं होईल. तू घरी जाऊन लगेच घातलीस. दुसरी चिठ्ठी मी अंधार पडल्यावर टाकली, तिसरी भरदिवसा. तिसरी चांगली उतरली होती, म्हणून मी हुरळून गेले आणि लिहून बसले, 'खाली रजईच्या चार घड्या घालूनही यंत्राचा आवाज येतो.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मास्तरांनी ते वाक्य खणखणीत वाचलं. सुतार मान डोलवत होता, नर्सबाई चष्मा पुसत होत्या. चाळीस घरांपैकी कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. तू मात्र मान वर केलीस आणि तीन रांगा ओलांडून माझ्याकडे पाहिलंस. मास्तरांनी तीनदा विचारलं, काही म्हणायचंय का? तू उभी राहिलीस, म्हणालीस, "नाही, काही नाही," आणि खुर्ची उचलून घरी गेलीस.

का बोलली नाहीस गं? एक वाक्य बोलली असतीस तर आम्हालाच बाहेर काढलं असतं. मी कितीतरी दिवस वाट पाहिली. तू सामान बांधलंस, आणि जायच्या सकाळी माझ्या दारात रजई ठेवून गेलीस, धुतलेली, इस्त्री केलेली. रजईला कोणी इस्त्री करतं का! मी ती त्याच दिवशी भंगारवाल्याला दिली.

तुम्हाला दुसरीकडे चौथा मजला मिळाला हे मला कळलं होतं. भावोजी वर चढले ते पुन्हा खाली आले नाहीत, दोन हिवाळ्यांनी गेले, हेही कळलं. मी आले नाही. काय तोंडाने येणार होते, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्ही दोघं फाटकापर्यंत फिरायला गेलो होतो. हे काठी टेकत स्वतःच्या पायांनी चालले, शेवटी शेवटी काठी न टेकताही. चार वर्षं तसे चालले. गेल्या वर्षी गेले ते झोपेत, तुझ्या जुन्या मागच्या खोलीत. मला पश्चात्ताप होतो असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण होत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन, फक्त रजईचं लिहिणार नाही.

आता मी एकटी आहे. घर मोठं वाटतं, आवाज नाही, कोणी मावशी म्हणून हाक मारत नाही. माझ्या वरचंच घर रिकामं झालंय, आणि ते मी तुझ्या लेकीला द्यायचं ठरवलंय. खोल्या दोन, सकाळचं ऊन, मागे झाड. तिने बाळ माझ्याकडे ठेवून कामावर जावं, मी सांभाळीन, तिला सांभाळलं तसं. माझं दुखलंखुपलं ती बघेल, पोर गुणाची आहे. अट एकच. तू इथे यायचं नाहीस. बाळंतपणाला नाही, बारशाला नाही, वाढदिवसाला नाही, फाटकाच्या आतच नाही. तुझी ती नजर मला पुन्हा सहन होणार नाही, आणि उरलेलं आयुष्य मला इथे सुखाने काढायचंय. लेकीला सांग की गुडघे दुखतात, बस लागते, काय वाटेल ते सांग. नातवंडाला ती सुट्टीत तुझ्याकडे आणीलच कधीतरी. तुला मान्य नसेल तर तसं दोन ओळींत कळव, मी अर्ज परत पाठवते, त्यांची ती खोली आहेच. आणि सगळं तिला सांगून टाकायचं मनात आलं, तर एवढं लक्षात ठेव की तान्ह्या मुलाच्या रडण्याचा आवाज खरंच येतो आणि पेटीची किल्ली आता माझ्याकडे असते. मान्य असेल तर उत्तराची गरज नाही. रविवारपर्यंत तुझं काही आलं नाही की मी सही करीन. गप्प बसणं तुला चांगलं जमतं, ते मी पाहिलंय.

तुझीच,
तुझ्या लेकीची मावशी